पावित्र्याचा मार्ग व अखेरपर्यंतची निष्ठा
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मी चार शब्द बोलावे अशी महोत्सव समितीची आज्ञा झाली, तेव्हा माझ्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. मी विद्वान नव्हे, व्रतस्थही नव्हे. उभा जन्म शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यापासून वडिलोपार्जित वाडीत चार केळी व थोडी पानवेल सांभाळीत असतो. अशा मनुष्याने पावित्र्याविषयी बोलणे म्हणजे पंगूने पर्वताची वाट सांगण्यासारखे आहे. तथापि पावित्र्याच्या वाटेवरून मागे फिरलेला मनुष्य कसा असतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तेवढ्याच अधिकारावर मी आपल्यापुढे उभा आहे.

ज्युबिलीच्या निमित्ताने आपण देवळाची वर्षे मोजतो. पाया केव्हा घातला, मनोरा केव्हा चढला, याच्या तिथी आपणास तोंडपाठ आहेत, व त्या असाव्याही. परंतु देवळाचा दगड एकदा चुन्यात बसविला की तो शंभर वर्षे जागचा हालत नाही. मनुष्याचे अंतःकरण तसे बसविता येत नाही. ते रोज नव्याने बसवावे लागते. आपल्यापैकी ज्यांनी पानवेल लावली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वेलीला पाणी साठवून देता येत नाही. आज दहा घागरी ओततो व पुढे आठ दिवस स्वस्थ बसतो, असे म्हणणाऱ्याची वेल एक तर मुळाशी कुजते, नाही तर पानाशी करपते. आता रहाट गेले व विजेचे पंप आले, तरी वेलीने आपला स्वभाव बदललेला नाही. मनुष्याच्या आत्म्याचा स्वभाव हाच आहे. स्नानसंस्काराचे पाणी आपणास एकदाच मिळते. त्यातून उगवलेल्या रोपाचे शिंपण मात्र रोजचे असते.

आता चिकाटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोणाचे चित्र उभे राहते? या वसईच्या भूमीत जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे संत गोन्सालो गार्सिया यांचेच उभे राहणार. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपान देशातील नागासाकी नगरानजीकच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत आपला हा वसईकर होता. १६२७ साली त्यांना धन्य व ८ जून १८६२ रोजी नववे पायस यांच्या हस्ते संत म्हणून गौरविण्यात आले. भारतभूमीत जन्मून संतपदास पोहोचलेले ते पहिले. हे सर्व आपणास बालपणापासून ठाऊक आहे. परंतु माझी एक बारीकशी तक्रार आहे, ती ऐकून घ्यावी. आपल्या मूर्तींत व तसबिरींत गोन्सालो नेहमी क्रुसाजवळच उभे असतात. त्यामुळे मुलांची अशी समजूत होते की संत होणे हे एका सकाळचे काम आहे. शूर मनुष्य टेकडीवर चढला, प्राण दिला व संत झाला. त्या सकाळीपूर्वी चाळीस वर्षांचे आयुष्य होऊन गेले होते. मला आज त्या चाळीस वर्षांविषयीच बोलावयाचे आहे.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता याच देशाची. वसईच्या कोटात येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले व अवघ्या पंधराएक वर्षांच्या वयात ते आपल्या गुरूंसमवेत जपानला गेले. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्या आजच्या नववी-दहावीतला. तेथे त्यांनी जपानी भाषा अशी आत्मसात केली की पुढे राजदरबारात दुभाषी होण्यापर्यंत त्यांची योग्यता वाढली. आठ वर्षे त्यांनी येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम केले. या आठ वर्षांत त्यांच्या मनात एकच आकांक्षा होती, ती म्हणजे त्या संघात दीक्षा मिळावी. ती मिळाली नाही.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी क्षणभर थांबू या. चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढे जातात, मला मात्र ते वाक्य ओलांडता येत नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण. घर हजारो कोस दूर. ऐन उमेदीची आठ वर्षे परक्या देशात एका ध्येयापायी वेचलेली. आणि ज्या दारापाशी त्याने ती वेचली ते दार उघडत नाही. दार लावणारे धर्माचे शत्रू नव्हते, आपलेच होते, सज्जन होते. शत्रूने मारलेला घाव मनुष्य अभिमानाने मिरवितो. आपल्या माणसांनी केलेला नकार मात्र कोणास दाखविताही येत नाही, आणि म्हणूनच तो खोल जातो.

गोन्सालो यांनी काय केले? त्यांनी व्यापार आरंभिला. पूर्वेकडील बंदरांतून माल नेला-आणला, व तो धंदा चांगला चालला असे सांगतात. या काळाची ना तसबीर आहे ना सण. परंतु माझ्या अल्पमतीने त्यांच्या पावित्र्याचा पाया त्या बंदरांत, मालाच्या गाठोड्यांमध्ये व जमाखर्चाच्या वह्यांमध्ये घातला गेला. कारण या वर्षांत त्यांना देवाकडे खेचणारे बाहेरचे काहीही नव्हते. ना धर्मशिक्षकाचे पद, ना संघाचा झगा, ना कोणाची शाबासकी. हातात पैसा होता, आणि "मी तर तयार होतो, तुम्हीच नको म्हणालात" हे न्याय्य दिसणारे कारणही हाताशी होते. या कारणाच्या उशीवर किती माणसे जन्मभर झोपली आहेत! ते झोपले नाहीत. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघाच्या दारी गेले व पुरोहितपदाची अपेक्षा न धरता साधे बंधू म्हणून १५८८ च्या सुमारास त्यांनी व्रते घेतली. दरबारी भाषा अवगत असलेला, चार देशांचे पाणी प्यालेला यशस्वी व्यापारी मठाचा झाडू हाती घेतो, ही गोष्ट मला नागासाकीच्या टेकडीइतकीच उंच वाटते.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. ज्या भूमीत त्यांच्या आशेचा भंग झाला होता, तीच भूमी. त्या काळी तेथे तोयोतोमी हिदेयोशी या बलाढ्य पुरुषाची सत्ता होती. क्योतो नगरात फ्रान्सिस्कनांनी मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी शुश्रूषागृहे उघडली. १५९६ च्या अखेरीस एका स्पॅनिश जहाजाच्या प्रकरणावरून हिदेयोशीचा रोष भडकला व पकडापकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, आणि नंतर ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत शेकडो मैलांची धिंड सुरू झाली. ती वाट जवळजवळ महिनाभर चालली होती.

या वाटेवर एक लहानशी घटना घडली. निघाले तेव्हा बंदिवान चोवीस होते. त्यांची सेवाशुश्रूषा करीत दोघे जण बरोबर चालले होते. त्यांपैकी एक क्योतोचा सुतार होता. त्यांची नावे कोणत्याही आज्ञापत्रात नव्हती. शिपायांनी त्यांनाही धरून रांगेत घातले. "आम्ही केवळ सोबत आलो आहो" एवढेच शब्द उच्चारले असते तर कदाचित प्राण वाचले असते. ते उच्चारले गेले नाहीत, आणि चोविसांचे सव्वीस झाले. त्या सव्विसांत बारा, तेरा व चौदा वर्षांची मुलेही होती. चौदा वर्षांच्या मुलाने वाटेतून आपल्या आईला पत्र लिहिले, व त्याचा बापही त्याच्याबरोबर क्रुसावर गेला. या सर्वांचे बळ त्या सकाळी अकस्मात आकाशातून पडले असे मला वाटत नाही. देवाची कृपा अवश्य होती. परंतु ती कृपा स्वीकारण्याची सवय त्यांच्या हातांना रोजच्या लहान कामांतून झालेली होती.

आता मी माझी गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धार्मिक मंडळाच्या कामात मला डावलण्यात आले. मंडळाचे नाव सांगत नाही; त्यातील बहुतेक मंडळी प्रभूच्या घरी गेली. मी त्या कामात बराच खपलो होतो, आणि मान दुसऱ्याला मिळाला. मला राग आला. रागाने मी नास्तिक झालो असे नव्हे. मी केवळ सैल झालो. प्रथम मंडळ सुटले, नंतर पापनिवेदन लांबणीवर पडले, मग संध्याकाळची जपमाळ. रविवारी मिस्सेला जात असे, पण मागच्या दाराशी उभा राही आणि प्रवचन सुरू झाले की बाहेर चिंचेखाली येऊन गप्पा मारी. अशी दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत मी कोणाची चोरी केली नाही, दारू प्यालो नाही. कोणी मला पापी म्हटले नसते. श्रद्धा मोठ्या पापाने जाते असे आपण मुलांना शिकवितो. माझी मात्र जाऊ लागली होती ती एका फुगलेल्या मानापायी, आणि तीही इतक्या हळू की मलाच तिचा पत्ता लागला नाही.

माझी आई तेव्हा हयात होती. तिने मला एका शब्दाने टोकले नाही. संध्याकाळी घंटा झाली की ओटीवर चटई घालावी, धाकट्या भावाच्या मुलांना बसवावे, आणि चटईच्या एका कडेला माझी जागा मोकळी ठेवावी. मुले पसरून बसू लागली की ती म्हणे, "सरका, ती जागा त्याची आहे." मी आत वर्तमानपत्र वाचीत बसलेला असे व हे वाक्य मला रोज ऐकू येई. दोन वर्षे! एके दिवशी पावसामुळे दिवे गेले होते, वर्तमानपत्र वाचता येईना, म्हणून मी उठून त्या जागी बसलो. माझ्या परतण्याचे याहून थोर कारण मला सांगता येत नाही. परंतु दिवे गेले त्या दिवशी जागा मोकळी नसती तर मी कोठे बसलो असतो?

पावित्र्य म्हणजे कधीच न पडणे, असे समजून आपल्यापैकी कित्येक जण पहिल्या पडण्यातच वाट सोडून देतात. या बाबतीत जपानच्याच ख्रिस्ती लोकांकडे पुन्हा पाहिले पाहिजे. १६१४ साली तेथे ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. छळ इतका भयंकर झाला की भलेभले डळमळले. १६३३ साली येशूसंघाचे तेथील प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरैरा यांना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले, व काही तासांनी त्यांनी धर्मत्याग केला. वीस वर्षांहून अधिक सेवा केलेला तो विद्वान पुरुष होता. ज्या संघाने गोन्सालोंना आत घेतले नाही त्या संघाचा प्रमुख पडला, म्हणून कोणी येथे समाधान मानू नये. त्याच संघाचे तिघे जण नागासाकीच्या सव्विसांत होते, आणि पुढेही त्या खड्ड्यांत अनेकांनी प्राण दिले. मी ही गोष्ट सांगितली ती एवढ्याचसाठी की काल टिकलो म्हणून उद्या टिकेन असे म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. संत ऑगस्तीन यांनी आयुष्याच्या अखेरीस या अखेरपर्यंतच्या चिकाटीवरच एक ग्रंथ लिहिला, आणि तिला त्यांनी मनुष्याची कमाई न म्हणता देवाची देणगी म्हटले. १५४७ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेनेही हेच शिकविले. देणगी मागावी लागते. आपण प्रत्येक नमो मारियेत पवित्र मातेला दोन घटकांसाठी विनंती करतो, आताच्या व मरणाच्या. जपमाळेच्या पन्नास मण्यांवर पन्नास वेळा ती देणगी मागून होते. आपले लक्ष बहुधा दुसरीकडे असते, ही गोष्ट निराळी.

बंदीनंतर जपानातील सामान्य ख्रिस्ती लोकांचे काय झाले? काही काळाने एकही धर्मगुरू उरला नाही. ना मिस्सा, ना पापनिवेदन. नागासाकीच्या परिसरात दर वर्षी अधिकारी येत, प्रभूची वा पवित्र मातेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत, आणि प्रत्येकाला तिच्यावर पाय देण्यास भाग पाडीत. पुष्कळांनी पाय दिला. मग ते घरी जात व पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदन ऐकणारा कोणी नसताना अंतःकरणापासून पश्चात्ताप कसा करावा, हे सांगणारी एक लहान पोथी त्यांच्यात जपून ठेवलेली होती. त्या पश्चात्तापाला ते 'कोंचिरिसान' म्हणत. आपल्या आज्यांच्या तोंडचा 'कुमसार' हा शब्द ज्या पोर्तुगीज भाषेतून आला, त्याच भाषेतून हाही आला आहे. तेव्हा ते आपले भाऊबंदच म्हणावयाचे. वर्षाला एकदा पडावयाचे आणि त्याच दिवशी उठावयाचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. यांना भ्याड म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. त्यांनी पाय दिला हे खरे, पण परत यावयाचे त्यांनी सोडले नाही. गावात एक मनुष्य मुलांना स्नानसंस्कार देई, दुसरा सणावारांच्या तिथी सांभाळी. बापाने मुलाला सांगावे, मुलाने नातवाला.

१८६५ साली नागासाकीत परदेशीयांसाठी एक नवे देऊळ उभे राहिले, आणि ते सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावे अर्पण केलेले होते. म्हणजे आपल्या वसईच्या गोन्सालोंच्याही नावे. १७ मार्च रोजी दुपारी उराकामी गावचे दहा-पंधरा शेतकरी त्या दाराशी आले. फादर पेतिजाँ नावाचे फ्रेंच धर्मगुरू प्रार्थना करीत होते. एका स्त्रीने त्यांच्याजवळ येऊन हळूच सांगितले की आमचे हृदय व तुमचे हृदय एकच आहे, आणि मग विचारले, पवित्र मातेची मूर्ती कोठे आहे? बोलता बोलता त्या लोकांनी असेही सांगितले की सध्या दुःखाचा काळ चालू आहे व आज त्याचा सतरावा दिवस. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. बोटे मोडून पाहा, बंधुभगिनींनो. दोनशे वर्षे धर्मगुरू नाही, देऊळ नाही. आणि एका दिवसाचीही चूक नाही.

तिथी सांभाळणाऱ्या त्या माणसांची नावे आपणास कळावयाची नाहीत. त्यांतील एकानेही दुसऱ्या देशाचे देऊळ पाहिले नव्हते, आणि आपल्या मोजणीची पडताळणी कोणी कधी करील अशी आशाही त्याला क्वचितच असेल. पुढेही त्यांना सुख लागले नाही. १८६८ नंतर त्या गावच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरेदारे सोडून हद्दपार व्हावे लागले, सहाशेच्या वर वारले, व १८७३ साली उरलेले घरी आले.

आपणांस तसा छळ नाही. आपला छळ निराळ्या प्रकारचा आहे, त्याला सोय म्हणतात. पहाटेच्या गाडीला पळणारा, रात्री दहाला थकून येणारा तरुण मला विचारतो, मास्तर, जपमाळेला वेळ कोठून आणू? मी त्याला म्हणतो, पन्नास मणी नकोत, दहा म्हण. पण रोज त्याच वेळी, गाडीतल्या त्याच खांबाला धरून म्हण. आखातात व कॅनडात गेलेल्या आपल्या मुलांना आयांनी फोनवर जेवलास का हे विचारावेच. मिस्सेला गेलास का हेही विचारावे, मात्र एकदाच, आणि रागावू नये. रुसून मंडळ सोडून गेलेला कोणी शेजारी असेल तर त्याला उपदेश करू नये. मला उपदेश केला असता तर मी तिसरेही वर्ष बाहेरच काढले असते. आणि ज्यांचे पापनिवेदन दहा-दहा वर्षे राहिले आहे त्यांनी काय बोलावे या भीतीने अडून बसू नये. किती वर्षे झाली एवढेच प्रथम सांगावे, पुढचे फादर विचारतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट केले की पावित्र्याचे बोलावणे मठवासीयांपुरते नसून संसारी, कष्टकरी अशा सर्वांना आहे. तेव्हा आम्ही गृहस्थ, आमच्याकडून ते कसे व्हावे, ही सबब आता चालणार नाही. तशी ती पूर्वीही चालत नव्हतीच. मनिलाच्या वाटेवरल्या त्या व्यापाऱ्याने ती केव्हाच निकालात काढली होती.

समितीने मला दिलेला वेळ संपला आहे व जेवणाची पंगतही मांडली जात आहे असे वासावरून कळते. आज सायंकाळची मिरवणूक आटोपल्यावर दर वाडीत जपमाळ व्हावी असे ठरले आहे. आमच्या वाडीची आमच्या ओटीवर, बरोबर साडेसात वाजता होईल. आई गेली, पण चटई तीच आहे, आणि कडेची जागा आम्ही अजून मोकळी ठेवतो.